बारा पानांचं संत्रं

मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, पुढच्या आठवड्यात येतेय. आईच्या कपाटाला अजून तो वास येतो ना?”

मी म्हणालो, “येतो, येतो.”

येत नव्हता. या एका उत्तरापायी मला लेथवाले लावतात तसला चष्मा घालावा लागला, जिन्यात माझ्या नावाने सूचना लागली, आणि पोस्टातल्या ज्या खिडकीमागे मी सगळी नोकरी काढली त्याच खिडकीपुढे भर रांगेत माझं पार्सल बसलं. बसलं म्हणजे काय, ते पुढे येईलच. मी आयुष्यभर पार्सलं घेतली आणि परत केली. गोष्ट सांगायची मला सवय नाही, तेव्हा घडलं तसं सांगतो.

तो वास संत्र्याच्या सालीचा. बायकोला संत्री फार आवडायची आणि साल टाकवायची नाही. हंगामात खिडकीच्या कठड्यावर साली वाळत पडायच्या, मग जुन्या रुमालात बांधून कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये जायच्या. हंगामातलं पहिलं संत्रं सोलताना ती मला हाक मारायची. “अहो, इकडे बघा जरा.” मी बघायचो. ती साल दुमडून माझ्या डोळ्यांसमोर दाबायची आणि फवारा बरोबर डोळ्यांत. इतकी वर्षं संसार झाला, दर वर्षी हाक आली आणि दर वर्षी मी बघितलं. मुलगी मोठी झाल्यावर दोघी मिळून हा उद्योग करायच्या. मी डोळे चोळत न्हाणीघराकडे जायचो आणि मागे दोघींचं हसणं.

मागची थंडी संपता संपता ती गेली. त्यानंतर मी ते कपाट फारसं उघडलं नाही. उघडलं की थोडा वास बाहेर जाणार, असा माझा हिशेब. पण फोन ठेवून दार उघडलं तर आत नुसतं कापड आणि लाकूड. रुमाल सोडून साल नाकाशी धरली. पुठ्ठा हुंगल्यासारखं झालं.

मुलगी फोन ठेवताना म्हणाली होती, “तुमचा आवाजसुद्धा बदललाय, बाबा. ते कपाट तरी तसंच असू दे.” असं ऐकल्यावर माणूस काय करणार? मी ठरवलं, ती यायच्या आत कपाटाला वास आणायचाच.

बाजारात फळवाला माझ्याकडे बघतच राहिला. “काका, एवढ्या उन्हाळ्यात संत्रं? कलिंगड न्या, लालभडक आहे.” कलिंगडाची साल कपाटात कशी वाटेल, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही.

हात हलवत परत आलो तर दारात समोरच्या वहिनी. बायको गेल्यापासून माझी देखरेख त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. घेताना मला कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा एक आग्रह कायमचा आहे. “भाऊ, एकदा मोकळेपणी रडून घ्या. आत साठलं की गुडघ्यांत उतरतं.” मला रडू आलं नव्हतं, हे खरं आहे. त्या दिवशीही नाही. आलेल्यांना चहा, जाणाऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा, कोणाची पिशवी कोणाकडे गेली, हे सगळं मी नीट पाहिलं. रवानगीचं काम मला जमतं. गुडघे मात्र खरोखर दुखतात, पण ते मी वहिनींना सांगितलेलं नाही.

त्यांना कपाटाचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, “एवढंच ना? बिस्किटवाले काय बारा महिने झाडाखाली उभे असतात? ते सालीचं तेल वापरतात. बेकरीच्या मागे तो अर्कवाला आहे बघा, त्याच्याकडे मिळेल.”

अर्कवाल्यांचं दुकान म्हणजे एक अंधारी खोली आणि भिंतभर डबे. त्यांनी मान वर न करता विचारलं, “साबण, सरबत की बिस्किट?”

“कपाट,” मी म्हणालो.

आता त्यांनी मान वर केली. “किती कपाटं?”

“एकच आहे. मला चमचाभर पुरे.”

“पाच लिटरच्या खाली आम्ही देत नाही, काका. डबा कंपनीतून बंद येतो, बंद जातो.”

मी डब्याकडे बघितलं. मुलगी दिसली, कपाटाचं दार उघडणारी. म्हटलं, “द्या.”

त्यांनी ॲल्युमिनियमचा डबा पुढे सरकवला आणि त्यावर कागदांचा जुडगा ठेवला. “हे आधी वाचा. सगळं वाचा.”

“संत्रंच आहे ना?”

“संत्रंच आहे. पण घरच्या संत्र्याच्या सालीत थेंब-दोन थेंब तेल असतं. इथे हजारो संत्री एका डब्यात कोंडून घातलीयेत. सगळी रागात आहेत असं समजा.”

कागद बारा पानी होते. पहिल्याच पानावर एक ज्योत, एक उद्गारचिन्ह आणि एक मेलेला मासा अशी चित्रं. जिन्यात खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर भेटले. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नाही, त्यामुळे जिन्यात जो सापडेल तो विद्यार्थी. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतले आणि पायरीवर उभं राहून खड्या आवाजात वाचन सुरू केलं. “ज्योत, ठिणगी व तापलेल्या वस्तूंपासून दूर ठेवावे. त्वचेला लागू देऊ नये. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास उलटी काढू नये. गटारात ओतू नये, माशांस घातक. डबा घट्ट बंद ठेवावा, हवा लागून जुने झालेले तेल त्वचेस अधिक त्रास देते.”

वहिनी वरून वाकून म्हणाल्या, “अहो, पण संत्रंच ना ते? संत्रं सोलताना चष्मा लावतं का कोणी?”

“वहिनी, हे शास्त्र आहे!” हेडमास्तर गरजले.

“शास्त्र असेल हो. पण मग इतकी वर्षं आम्ही मेलो कसे नाही?”

त्यावर हेडमास्तरांनी त्यांना पाव तास उत्तर दिलं, आणि परत कागदाकडे वळले ते थेट दहाव्या पानावर. नववं पान राहून गेलं. ते मला तेव्हा कळलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मी सूचना पाळणारा माणूस आहे. चष्मा आणला, हातमोजे आणले. गॅसची टाकी वरून बंद केली. घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तिचे कपडे एकेक घडी न मोडता बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर ठेवले आणि मधलं दार लावून घेतलं. मग फडक्यावर तेल घेऊन कपाट आतून पुसायला सुरुवात केली.

पहिल्या हाताला वास आला. दुसऱ्या हाताला पॉलिश आलं. लाकडावरचं तपकिरी पॉलिश सरळ फडक्यावर. फळीवर तिने अंथरलेला फुलाफुलांचा प्लॅस्टिकचा कागद होता, तो मऊ पडून कडेने वर यायला लागला. मला वाटलं, कागद जुना असेल. हातमोजे फुगून बोटं केळ्यांएवढी झाली. मला वाटलं, मोजे स्वस्तातले असतील. दोष आपल्या मालात नाही, हे एकदा ठरवलं की माणसाला बराच वेळ शांत राहता येतं.

पण वासाला काय म्हणणार? कपाट लहान मुलांच्या गोळ्यांच्या बरणीसारखं घमघमत होतं. डोकं दुखायला लागलं. आणि तो वास घरात थांबेल तर शपथ. जिन्यातून खाली, खालून वर, गच्चीपर्यंत. जिन्यात झोपणारं मांजर उठून गेलं ते चार दिवस आलं नाही.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. नाक पुढे, स्वतः मागे.

“भाऊ, तुमच्याकडे काय शिजतंय?”

“काही नाही. कपाट पुसतोय.”

“चष्मा घालून?”

एवढ्यात त्यांना डब्यावरची ज्योत दिसली. संध्याकाळी जिन्यात सूचना चिकटली: तिसऱ्या मजल्यावरील रहिवाशाने ज्वालाग्राही पदार्थाचा साठा तात्काळ हलवावा. तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. वहिनी तणतणत आल्या, “लोकांना वाटेल मीच साठा केलाय! नाव तरी घालायचं होतं तुमचं!” सकाळी कोणीतरी पेनाने माझं नाव घातलं होतं. अक्षर वहिनींच्या अक्षरासारखं होतं, पण मी तो विषय काढला नाही.

वाटीभर तेल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं आणि बाकीचा डबा घेऊन अर्कवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, “उघडलेला डबा मी परत घेत नाही. पण परगावी एक साबणवाले आहेत, ते घेतील. पाठवून द्या.”

“पाठवून” हा शब्द ऐकला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. पॉलिश, वास, सेक्रेटरी, यांतलं मला काही कळत नाही. पार्सल कळतं.

आता तुम्ही म्हणाल, पेट घेणारी वस्तू पोस्टाने जात नाही हे याला माहीत नव्हतं? माहीत होतं. खिडकीवरची ती पाटी मीच रंगवून घेतली होती. पण मी मनाशी म्हटलं, पाटी फटाक्यांसाठी आहे, रॉकेलसाठी आहे. हे नैसर्गिक आहे. फळाचं आहे. नोकरीत असताना रोज कोणीतरी हेच मला खिडकीतून सांगायचं आणि मी त्याच्या तोंडाकडेसुद्धा बघायचो नाही.

पॅकिंग मात्र असं केलं की बघत राहावं. माझं एक तत्त्व आहे: नाजूक वस्तू असो, जड असो, चारी बाजूंनी थर्मोकोल. कितीतरी माणसांना मी खिडकीतून परत पाठवलंय, “जा, थर्मोकोल घालून या.” डबा जाड थर्मोकोलच्या पेटीत घट्ट बसवला. पेटीवर जाड कापड शिवलं, बारीक टाके घालून. लाखेची मोहोर करायला मेणबत्ती लागते, तेव्हा सूचनापत्र आठवून लाख टाळली. इतका मी सावध होतो. बूच किंचित सैल राहिलं होतं, पण आत थर्मोकोल असताना काळजी कसली?

खिडकीत माझ्याच हाताखाली तयार झालेला कारकून होता. मला बघून अर्धा उठला. “साहेब! या. आज तुम्ही त्या बाजूला? काय आहे आत?”

“संत्रं.” मी पार्सल काट्यावर ठेवलं.

“नाशवंत माल चालत नाही, साहेब.”

“फळ नाही. सालीचं तेल.”

त्याने पेन खाली ठेवलं. “पेट घेतं?”

हा प्रश्न मी हजारो माणसांना विचारला होता आणि एकानेही सरळ उत्तर दिलं नव्हतं. आता मला त्यांची अडचण कळली. “घेतं असं नाही,” मी म्हणालो. “घेऊ शकतं.”

“‘घेऊ शकतं’ म्हणणाऱ्याला तुम्ही काय सांगायचात, साहेब?”

“पुढचे, या.”

“मग?”

“अरे, पण हे नैसर्गिक...”

“अहो,” मागच्या बाई म्हणाल्या, “ते बसतंय.”

“मी उभाच आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही नाही हो. पार्सल!”

बघितलं तर पार्सल खरोखर बसत होतं. आधी एक कोपरा गेला, मग दुसरा. माझे बारीक टाके सैल पडले, कापडाला सुरकुत्या पडल्या आणि पत्त्यातलं साबणवाल्यांचं गाव घडीत गडप झालं. एखादा म्हातारा खुर्चीत डुलक्या घेत खाली घसरावा तसं माझं पार्सल सगळ्यांदेखत घसरत होतं.

“आत काही जिवंत आहे का?” रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं.

“असलं तर आता नाही,” बाई म्हणाल्या.

कारकून काट्याकडे बघत होता. “साहेब, वजन तेवढंच आहे आणि पार्सल कमी होतंय. ही नोंद कशी करायची? तुम्ही हे शिकवलं नव्हतं.”

मग कापडातून पांढरा चिकट लगदा बाहेर आला आणि सगळं पोस्ट संत्र्याने भरून गेलं. कारकून ओरडला, “दारं उघडा! कोणी काडी ओढू नका! वाळूची बादली आणा!” तो आवाज माझा होता. शब्दही माझे. त्या बादलीतली वाळू दर वर्षी बदलायचा हट्टही माझाच, आणि तेव्हा हाच मुलगा मागे हसायचा. त्याने वाळू पसरली, ओली झालेली वाळू पत्र्याच्या डब्यात भरली आणि हळू आवाजात मला म्हणाला, “साहेब, जरा बाजूला उभे राहा. कामात अडथळा होतोय.”

मी बाजूला उभा राहिलो. तिथे एक बाक आहे, परत केलेल्या पार्सलांच्या मालकांसाठी. तो बाक किती टोचतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

घरी आलो तर पायरीवर हेडमास्तर कागद घेऊन उभे. “सापडलं! नववं पान! काही प्रकारचं प्लॅस्टिक व रबर या तेलाने फुगते अथवा मऊ पडते, आणि थर्मोकोल तर चक्क विरघळतो. रंग व पॉलिशही निघू शकते.”

“हे तेव्हा का नाही वाचलंत?”

“वहिनींनी विषय बदलला.”

हातातला डबा अजून बुचाशी ओला होता आणि त्यावर लगद्याचे पांढरे पापुद्रे होते. मला एकदम थकवा आला. लिफ्टमध्ये शिरून भिंतीला टेकलो, तर डबाही टेकला. तिसऱ्या मजल्यावर बाहेर येताना बघतो तो भिंतीवर वर्षानुवर्षं चिकटलेल्या जाहिरातींमधली एक अख्खी सुटून माझ्या बाहीला लागलेली. क्लासवाल्यांची होती. खालचा पत्रा लख्ख.

सेक्रेटरी माझ्यामागून आलेच होते, डब्याची चौकशी करायला. त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. ह्या जाहिराती काढायला त्यांनी चाकू, गरम पाणी आणि दोन वेळा सभा, सगळं करून झालं होतं.

“भाऊ,” ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, “याचं थोडं...”

“ज्वालाग्राही आहे,” मी म्हणालो. “तात्काळ हलवायचंय.”

“लिफ्टचं बटण बंद ठेवू. दारं उघडी ठेवू. हलवायचंच आहे तर भिंतीवर हलवू!”

दोन दिवस सगळी इमारत पुसत होती. लिफ्ट झाली, जिन्याचा कठडा झाला, वहिनींच्या बरण्यांवरची जुनी लेबलं झाली. ज्याच्या हातात प्लॅस्टिकचा मग दिसेल त्याला हेडमास्तर नववं पान म्हणून दाखवायचे. आता त्यांना ते पाठ आहे. वापरलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेली. जिन्यातली माझ्या नावाची सूचनाही त्याच तेलाने निघाली. ती सेक्रेटरींनी स्वतः पुसली, आणि पुसताना माझ्याकडे बघितलं नाही.

सगळ्यांचं काम झालं. माझं तेवढं राहिलं. उघडं पडलेलं कपाट वाऱ्याने कोरडं झालं आणि वास गेला तो गेलाच. मुलगी यायचा दिवस उजाडला. मी चष्मा चढवला आणि बाटलीतली शेवटची वाटी घेऊन कपाटासमोर बसलो. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकला. हुंगला. गोळ्यांची बरणी. बोळ्याचे दोन तुकडे केले, चार केले. वास कमी होत गेला, पण तिचा होईना. तिच्या वासात वाळलेलं ऊन होतं, कापड होतं, आणखी काय होतं कोणास ठाऊक. ते बारा पानांत कुठे लिहिलेलं नव्हतं, मी शोधलं.

मी तिथेच बसलेलो असताना दार वाजलं. वहिनींनीच उघडलं. त्यांच्याकडे माझी किल्ली आहे, ती कशी गेली हे मला माहीत नाही. मुलगी बॅग घेऊन सरळ आतल्या खोलीत आली आणि कपाट बघून थांबली. पॉलिश नाही, फळीवर कागद नाही, समोर बाप, डोळ्यांवर लेथवाल्याचा चष्मा.

“बाबा, हे काय?”

मी म्हणालो, “वास गेला होता. फोनवर मी खोटं बोललो.”

“माहीत होतं मला.”

“कसं?”

“तुम्ही ‘येतो, येतो’ म्हणालात. खरं असतं तेव्हा तुम्ही एकदाच बोलता.”

ती वाकली, कपाटात डोकं घातलं, हुंगलं. मग बोळ्याचा एक तुकडा उचलून नाकाशी नेला आणि शिंकली. मला वाटलं, आता काही बोलेल. ती सरळ बॅगेपाशी गेली आणि चेन उघडून कागदाची पिशवी काढली. तिकडे त्यांच्याकडे हंगाम उशिरा येतो म्हणे. पिशवीत संत्री होती.

माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून तिने एक सोलायला घेतलं. एक मोठी साल निघाली. ती हातात धरून तिने माझ्याकडे बघितलं.

“चष्मा काढा,” ती म्हणाली.

“सूचनापत्रात लिहिलंय...”

“बाबा. काढा.”

मी काढला.

“अहो, इकडे बघा जरा,” ती म्हणाली. आवाज तिचा होता. बोलणं तिच्या आईचं.

मी बघितलं. दर वर्षी बघतो तसं.

साल दुमडली, फवारा आला, बरोबर डोळ्यांत. मी “अगं, अगं” म्हणत हात डोळ्यांवर नेले आणि ते तिथेच राहिले. आधी फक्त चुरचुरत होतं. मग चुरचुर थांबली, तरी पाणी थांबेना. खांदे हलायला लागले. मुलगी हसत होती ती मधेच हसायची थांबली आणि जवळ सरकून तिने माझा गुडघा धरला.

दारातून हेडमास्तरांचा आवाज आला. ते कधी वर आले होते कोणास ठाऊक. “डोळ्यांत गेलं? पाणी! पंधरा मिनिटं पाण्याने धुवा!”

“राहू द्या, काका,” मुलगी म्हणाली. “धुतायत ते.”

वहिनींनी हेडमास्तरांना बाहेर नेलं आणि दार अलगद ओढून घेतलं. पंधरा मिनिटं झाली असतील. जास्तच झाली असतील. मग मुलीने मला अर्धं संत्रं दिलं, अर्धं स्वतः खाल्लं, आणि साली वाळायला खिडकीच्या कठड्यावर मांडून ठेवल्या.